गुरूचें मत आणि हातचें माप

गेल्या वर्षीं आषाढाच्या आरंभीं, दिग्रसच्या आसपासच्या शिवारांत कपाशीची पेरणी नुकतीच आटोपली असतां, एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्या घरीं आले. त्यांचें गांवांत बी-बियाण्याचें व खताचें दुकान आहे. या हंगामांत त्यांना जेवावयासही सवड नसते. तरी दुकान नोकराच्या स्वाधीन करून ते आले होते, यावरूनच प्रसंगाचें महत्त्व आमच्या ध्यानांत आलें. मुलगी रसायनशास्त्र घेऊन एम्.एस्सी. झालेली. विज्ञानविषयांच्या अधिछात्रवृत्तीची अखिल भारतीय परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती, व पुण्यांतील एका संस्थेंत पीएच्.डी.साठीं तिला जागा मिळाली होती. आम्हीं उभी हयात विज्ञान शिकविण्यांत घालविली असल्यामुळें या बाबतींत आमच्या शब्दाला कांहीं किंमत असावी, असा गांवांतील लोकांचा समज आहे. गृहस्थ म्हणाले, "सर, पोरगी पुन्याले चालली. पाच-सा वर्सं लागतेत म्हनते. आमाले त्यातलं काही समजत नाही. तिथं तिचं बरं कसं होईन, तेवढं तिले सांगा."

अशा वेळीं जें सांगावयाचें असतें तें आम्हीं सांगितलें. संस्थेच्या नांवापेक्षां मार्गदर्शकाची पारख अगोदर करावी. ती त्याच्या पदव्यांच्या यादीवरून न करतां त्याच्या हाताखालून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांस गांठून करावी, आणि त्यांना एवढेंच विचारावें कीं, काम फसलें तेव्हां ते कसे वागले. वाचलेल्या प्रत्येक निबंधावर चार ओळी आपल्या शब्दांत लिहून ठेवाव्या. प्रयोगाची वही त्याच दिवशीं, त्याच टेबलावर, शाईनें लिहावी. खोलीवर जाऊन आठवणीनें लिहूं नये. चारचौघांत इंग्रजी बोलण्याची भीड पहिल्या सहा महिन्यांत मोडावी, कारण आपल्याकडील पुष्कळ हुशार मुलें ज्ञानानें मागें पडत नाहींत, भिडेनें पडतात. प्रबंधाचें लेखन शेवटच्या वर्षावर ढकलूं नये. आणि दिवाळीला घरीं यावें. हा शेवटचा उपदेश गृहस्थांस विशेष पसंत पडला.

उठतां उठतां मुलीनें एक प्रश्न विचारला. "सर, गाईडचं मत एक असलं आणि माझ्या हातचं माप दुसरंच आलं, तर काय करायचं?"

आम्हीं म्हटलें, "प्रयोग पुन्हां करून पाहायचा."

"आणि पुन्हा तसंच आलं तर?"

तेवढ्यांत वडिलांनीं "आता सरांले तरास नोको देऊ" असें म्हणून तिला उठविलें, व आमची सुटका झाली. सुटका हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजीत आहों. या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. तें सांगण्यास आपण लायक आहों किंवा नाहीं, याविषयीं मात्र आमची खात्री नव्हती. त्या संध्याकाळपासून हा प्रश्न आमच्या मागें लागला आहे, आणि वाचकांच्या घरोघरीं आज ना उद्यां असा मुलगा किंवा मुलगी असणार, म्हणून तो येथें थोडा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं ठरविलें आहे.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, पदव्युत्तर संशोधन हें आजवरच्या शिक्षणाची पुढची इयत्ता नव्हे. आमच्याकडे ‘गाईड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शाळेंत असतांना गाईड म्हणजे ज्यांत सर्व प्रश्नांचीं उत्तरें तयार मिळतात तें पुस्तक. आणि संशोधनांत गाईड म्हणजे ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाहीं, व तें शोधण्यासाठींच ज्यानें आपणांस जवळ घेतलें आहे असा मनुष्य. मुलांच्या मनांतून पहिला अर्थ लवकर जात नाहीं. सतरा वर्षें ज्यानें पाठ केलेलें उत्तर परत देऊन गुण मिळविले, त्याला एकाएकीं असें सांगावयाचें कीं, आतां उत्तर कोणापाशींच नाहीं! अधिछात्रवृत्तीची परीक्षासुद्धां जुन्याच तऱ्हेची आहे. तींत पहिला येणारा प्रयोगशाळेंत पहिला येईलच असें नाहीं, आणि याचें वैषम्यही मानूं नये.

पण जुन्या शिक्षणांतून मुलें याहूनही वाईट अशी एक खोड बरोबर नेतात, व ती आम्हां शिक्षकांनींच लाविलेली आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षांत लंबकाच्या साहाय्यानें गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग असतो. दोरा सैल, घड्याळ जुनें, मोजणारा उतावळा. उत्तर कधीं दहाच्या वर जातें, कधीं नवाच्या जवळ येतें. मुलगा शेजाऱ्याच्या वहींत डोकावतो, आंदोलनाचा काळ थोडा कमीजास्त करतो, आणि उत्तर ९.८१ असें सुबक लिहितो. आम्ही त्यावर सही करून पुरे गुण देत आलों. यांतील खरी मौज अशी कीं, ९.८१ हा आंकडा युरोपांतील अक्षांशांचा आहे. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित् चपटी आणि स्वतःभोंवतीं फिरणारी असल्यामुळें विषुववृत्ताकडे येतांना गुरुत्वत्वरण कमी होत जातें. आमच्या वीस अंशांच्या अक्षांशावर तें ९.७८ व ९.७९ यांच्या दरम्यान भरावयास पाहिजे. म्हणजे ज्या एखाद्या मुलानें मन लावून प्रयोग केला, त्याच्या हातीं ९.७९ आलें असेल, आणि त्यानें तें खोडून ९.८१ केलें असेल. खऱ्याचें खोटें करून त्यानें आमच्याकडून गुण घेतले, आणि आम्हीं ते दिले. अशा किती वह्या आमच्या हाताखालून गेल्या, त्याची गणती आम्हीं ठेविली नाहीं.

या नव्या वाटेवरील व्यवहारही घरच्यांनीं समजून घेणें इष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणें पीएच्.डी.ला कमींत कमी तीन वर्षें, व सामान्यतः जास्तींत जास्त सहा वर्षें दिलीं आहेत. केंद्राच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचें वेतन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये असें झालें, घरभाडें निराळें. बार्टी, सारथी, महाज्योति या राज्याच्या संस्थांमार्फतही पुष्कळ मुलांना साहाय्य मिळतें. रक्कम वाईट नाहीं, पण ती वेळेवर येतेच असें नाहीं, आणि त्या वयांत वर्गांतील इतर मुलें नोकऱ्यांत स्थिरावून घरें बांधूं लागलेलीं असतात. पुढें प्राध्यापकाची जागा मिळेलच, असें आश्वासन कोणी शहाणा मनुष्य आज देणार नाहीं. २०२२ च्या नियमांनीं एक चांगली गोष्ट केली: प्रबंध सादर करण्यापूर्वीं एखाद्या नियतकालिकांत निबंध छापून आलाच पाहिजे, ही पूर्वीची सक्ति काढून टाकली. त्या सक्तीनें विद्या किती वाढली तें देव जाणे. पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा मात्र चांगला वाढला होता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. गुरूचें मत व आपलें माप यांत विरोध आला असतां शिष्यानें कोणाशीं प्रामाणिक राहावें?

आपल्या परंपरेंत गुरूचें स्थान काय आहे हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु त्याच परंपरेंत पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्ताकडे जाण्याची मुभा नव्हती, याची आठवण थोड्यांना राहते. गुरूशीं मतभेद हें गुरुद्रोहाचें लक्षण मानलें असतें, तर एकाच प्रस्थानत्रयीवर अद्वैतही आणि द्वैतही उभें राहिलें नसतें. तेव्हां प्रश्न मतभेदाला परवानगी आहे कीं नाहीं हा नव्हेच. विद्यार्थी गुरूचा ऋणी आहे. ज्यांच्या कराच्या पैशावर तो शिकतो त्या अनोळखी लोकांचाही तो ऋणी आहे. आणि त्याच्यामागून त्याच विषयावर काम करणारा जो कोणी येईल, जो त्याच्या आंकड्यावर विसंबून पाऊल टाकील, त्याचाही तो ऋणी आहे. हा तिसरा धनको दिसत नाहीं, तगादा करीत नाहीं, म्हणूनच त्याचें ऋण सर्वांत आधीं बुडतें.

या बाबतींत इरावतीबाई कर्वे यांचें उदाहरण आमच्या तरुणांना शाळेंतच सांगावयास हवें. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या लेखिका म्हणून त्या घरोघरीं ठाऊक आहेत. परंतु १९२८ सालीं बर्लिनला गेलेली तरुण विद्यार्थिनी म्हणून त्यांना थोडेच ओळखतात. तेथील कैसर विल्हेल्म संस्थेंत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. वंशशास्त्रांत त्या काळीं यांचा शब्द युरोपभर प्रमाण मानला जाई. मनुष्याच्या कवटीची उजवी व डावी बाजू अगदीं सारखी नसते. ही विषमता युरोपीय लोकांत इतर वंशांहून निराळी असावी व तिचा संबंध त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशीं असावा, असा फिशर यांचा कयास होता, आणि तो पडताळण्याचें काम त्यांनीं या हिंदी मुलीकडे दिलें. इरावतीबाईंनीं निरनिराळ्या वंशांच्या शे-दीडशें कवट्या मोजल्या. विषमता सर्वत्र आढळली. वंशाशीं तिचा संबंध मात्र आढळला नाहीं. त्यांनीं तसेंच लिहिलें, त्याच गुरूच्या हातीं प्रबंध दिला, आणि १९३० सालीं डॉक्टर होऊन त्या परत आल्या. पुढें हेच फिशर नाझी राजवटींत बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले व वंशशुद्धीच्या धोरणांना त्यांच्या विद्वत्तेचा आधार मिळाला, हें सर्वश्रुत आहे.

या कथेंत आम्हांस त्यांच्या धैर्याहूनही एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९३० सालीं पुढचें कांहींच ठाऊक नव्हतें. इरावतीबाई कोणा दुष्टाशीं झुंजत नव्हत्या. त्या आपल्याला जवळ करणाऱ्या, परदेशांत आधार देणाऱ्या एका थोर पंडिताला त्याचा कयास मापाशीं जुळत नाहीं एवढेंच कळवीत होत्या. आज मागें वळून पाहतांना सर्व सोपें वाटतें. त्या दिवशीं, परक्या शहरांत, परक्या भाषेंत, कवटीवर मापनयंत्र ठेवून बसलेल्या मुलीला आपला हात चुकत असेल असें किती वेळां वाटलें असेल!

आणि असें वाटणें योग्यच आहे. हें आम्हीं न सांगितलें तर आमचा उपदेश घातक होईल. नवशिक्याचें माप गुरूच्या मताशीं जुळत नाहीं, तेव्हां बहुतेक वेळां मापच चुकलेलें असतें. नळी नीट धुतलेली नसते, तापमापक अर्धा अंश खोटा असतो, रसायन जुनें झालेलें असतें, तराजूजवळची खिडकी उघडी असते. ज्याच्या प्रत्येक विपरीत आंकड्यावर त्याला नवा शोध लागल्याचा भास होतो, तो फार दिवस प्रयोगशाळेंत टिकत नाहीं, व टिकूंही नये. गुरूच्या मतामागें वीस-तीस वर्षांचीं मापें असतात. तेंही एक प्रकारचें मापच आहे. म्हणून पहिला संशय स्वतःवर घ्यावा. पण स्वतःवर संशय घेणें म्हणजे आंकडा टाकून देणें नव्हे. उपकरण दुसऱ्या ज्ञात वस्तूवर तपासावें. शक्य तर कोणता नमुना कोणता हें आपणांसच कळणार नाहीं अशी व्यवस्था करून मोजावें. शेजारच्या टेबलावरील सहाध्याय्याला, काय यावयाचें तें न सांगतां, मोजावयास लावावें. इतकें करून आंकडा जागचा हलला नाहीं, तर तो वहीसह गुरूच्या पुढें ठेवावा.

गुरूच्या बाजूनें उभें राहूनही सचोटी राखतां येते, याचें उदाहरण जयंतराव नारळीकरांचें आहे. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या हाताखालीं त्यांनीं काम सुरू केलें न केलें तोंच, १९६१ सालीं, मार्टिन राइल यांनीं रेडिओ-उद्गमांच्या गणनेवरून हॉइल यांच्या स्थिरस्थिति-सिद्धान्तावर हल्ला केला. हॉइल यांना दुसरीकडे जावयाचें असल्यामुळें रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत उत्तर देण्याचें काम या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर आलें, व त्यांनीं तें पार पाडलें. पुढें १९६५ सालीं पेंझियास व विल्सन यांना विश्वव्यापी सूक्ष्मतरंगांचें प्रारण सांपडलें, आणि बहुतेक ज्योतिर्विदांनीं स्थिरस्थितीचा पक्ष सोडला. नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यास वारले, तोंपर्यंत प्रचलित महास्फोटवादाविषयीं शंका उपस्थित करीतच राहिले. त्यांची बाजू हरली असें बहुमत म्हणेल. पण त्यांनीं कोणाचें माप लपविलें नाहीं, स्वतःचें गणित उघड्यावर मांडलें, व आपल्याशीं मत न जुळणाऱ्या तरुणांसाठींही १९८८ सालीं स्थापन झालेली ‘आयुका’ उभारून दिली. संशोधकाचें यश त्याचा पक्ष जिंकण्यावर अवलंबून असतें असें मानलें, तर नारळीकरांचें नांव कोणत्या रकान्यांत घालावें?

येथपर्यंत आम्हीं थोरांच्या गोष्टी सांगितल्या. आतां आमची सांगणें प्राप्त आहे.

चाळीस वर्षांपूर्वीं आम्हीही एका संस्थेंत संशोधन करीत होतों. विषय अगदीं सामान्य होता. दोन द्रव निरनिराळ्या प्रमाणांत मिसळले असतां मिश्रणाचा दाटपणा, ज्याला शास्त्रांत श्यानता म्हणतात, तो कसा बदलतो हें पाहावयाचें. कांचेच्या बारीक नळींतून द्रव खालीं उतरावयास किती वेळ लागतो, हें स्थिर तापमानाच्या पाण्यांत नळी बुडवून मोजावयाचें. एकंदर अकरा मिश्रणें होतीं. नऊ बिंदु एका डौलदार वक्रावर बसले. सातवा व आठवा मात्र वर उडाले. आम्हीं नळी धुतली, द्रव पुन्हां शुद्ध केले, तीन वेळां मोजलें. तिन्ही वेळां ते तेथेंच आले.

आमचे मार्गदर्शक सज्जन होते. त्यांनीं आम्हांला कधींही आंकडा बदलावयास सांगितलें नाहीं. एकदां चहा घेतांना एवढेंच म्हणाले होते कीं, हा वक्र फार सुरेख येणार. त्या एका वाक्यावरून आम्हीं त्यांची इच्छा ओळखली, आणि ती पुरी करण्यासाठीं ते दोन बिंदु वगळून नऊंचाच आलेख त्यांच्यापुढें ठेवला. पक्की वही नव्यानें लिहितांना सातव्या व आठव्या मिश्रणासाठीं दोन ओळी कोऱ्या सोडल्या. पुढें सवडीनें पुन्हां मोजूं, अशी मनाची समजूत घातली होती. ती सवड आली नाहीं. निबंध छापला गेला, पदवी मिळाली, नोकरी मिळाली. खोटेपणा वरिष्ठांच्या धाकानें होतो असें लोक समजतात. आमचा अनुभव असा आहे कीं, वरिष्ठ मागत नाहींत तें आपणच नेऊन देतों, आणि त्यांना पत्ताही लागत नाहीं.

आमच्यानंतर तीन वर्षांनीं दुसरा एक विद्यार्थी त्याच द्रवांवर काम करूं लागला. त्यालाही सातवा व आठवा बिंदु वर सांपडला. यापूर्वींच्या विद्यार्थ्याला तसें कांहीं आढळलें नाहीं, तेव्हां तुझा हात चुकत असावा, असें त्याला सांगण्यांत आलें; आणि आमचा छापील निबंध समोर असतां दुसरें काय सांगितलें जाणार? तो जवळ जवळ वर्षभर त्याच दोन मिश्रणांशीं झगडत राहिला, आणि शेवटीं काम सोडून बँकेंत लागला. ही हकीकत आम्हांस एका स्नेह्याकडून कळली. तेव्हां एक कार्ड टाकलें असतें तर पुरे होतें. आम्हीं टाकलें नाहीं. त्याच्या जाण्याला इतर कारणेंही असतील, असें आम्ही स्वतःला पुष्कळ वर्षें सांगत आलों.

अशा प्रसंगीं मनुष्य थोरांच्या चुकांत आसरा शोधतो, तसा आम्हींही शोधला. इलेक्ट्रॉनचा विद्युद्भार तेलाच्या थेंबांवरून मोजणारे रॉबर्ट मिलिकन यांना १९२३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९१३ च्या निबंधांत त्यांनीं ५८ थेंबांचीं मापें देऊन, या अवधींत पाहिलेले सर्व थेंब हेच, असें लिहिलें होतें. पुढें इतिहासकारांनीं त्यांच्या वह्या उघडल्या, तों त्यांत शंभराहून अधिक थेंब निघाले! वगळलेल्या पुष्कळ थेंबांना योग्य तांत्रिक कारणें होतीं असें त्यांचे कैवारी म्हणतात, व त्यांचें उत्तरही जवळपास बरोबर होतें. परंतु ‘सर्व’ हा शब्द खरा नव्हता. शिवाय हवेच्या श्यानतेचा त्यांनीं घेतलेला आंकडा किंचित् चुकीचा असल्यामुळें त्यांचें उत्तरही किंचित् कमी आलें होतें. आणि रिचर्ड फाइनमन यांनीं १९७४ सालीं एका भाषणांत दाखविल्याप्रमाणें, मागून मोजणाऱ्यांनीं एकदम खरें उत्तर न देतां हळू हळू, भीतभीत, पायरीपायरीनें वर नेलें. ज्याचें माप मिलिकनहून फार वर गेलें तो आपली चूक शोधीत बसला. ज्याचें त्यांच्याजवळ आलें त्यानें फारसें शोधलें नाहीं. बँकेंत गेलेल्या त्या विद्यार्थ्याची आठवण हें वाचतांना आम्हांला झाली, आणि मिलिकनच्या मोठेपणाचा आसरा आमच्या उपयोगीं पडला नाहीं. याच मिलिकनचा विद्यार्थी हार्वे फ्लेचर यानें त्या प्रयोगांत बरोबरीनें काम केलें असतां मुख्य निबंधावर एकट्या गुरूचें नांव गेलें. फ्लेचरनें ती हकीकत लिहून ठेवली, पण आपल्या मरणानंतरच ती छापावी अशी व्यवस्था केली. ती १९८२ सालीं प्रसिद्ध झाली. गुरूविषयीं त्याच्या मनांत अढी नव्हती, असें ती वाचून वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं, पेन्शन खाणाऱ्या माणसास असा उपदेश करणें सोपें आहे. वेतन चालू राहण्यासाठीं दर वर्षीं ज्याची सही लागते, पुढच्या प्रत्येक अर्जावर ज्याचें शिफारसपत्र लागतें, त्याच्याशीं दिग्रसच्या दुकानदाराच्या मुलीनें विरोध कसा करावा? आक्षेप खरा आहे, व त्याचें पूर्ण समाधान आम्हांपाशीं नाहीं. कमलाबाई सोहोनी यांचें चरित्र मात्र या ठिकाणीं डोळ्यांपुढें येतें. १९३३ सालीं, माहेरच्या कमला भागवत असतांना, मुंबईची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन त्यांनीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. ज्या संस्थेंत वडील शिकले होते, त्याच संस्थेनें मुलगी म्हणून त्यांना नाकारलें. त्या संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना जाऊन भेटल्या व हटून बसल्या. प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलें वर्ष चांचणीचें, मार्गदर्शक सांगतील तेव्हां रात्रींही काम करावयाचें, आणि आपल्यामुळें इतर विद्यार्थ्यांचें चित्त विचलित होऊं द्यावयाचें नाहीं! त्यांनीं अटी मान्य केल्या. तो अपमान त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहींत. वर्षभरांत त्यांचें काम पाहून रामन यांचें मत पालटलें व पुढें मुलींना तेथें प्रवेश मिळूं लागला. १९३९ सालीं त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’विषयींचा त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता असें सांगतात. आजच्या जाडजूड प्रबंधांचें वजन करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

कमलाबाईंनीं जें सोसलें तें त्यांच्या स्वतःच्या मानाविषयीं होतें, मापाविषयीं नव्हतें. कामाच्या वेळा, टेबलाची जागा, निबंधावरील नांवांचा क्रम, कधीं तर आपला वाजवी मानसुद्धां, या गोष्टी मनुष्य निरुपायानें सोडूं शकतो, कारण त्या त्याच्या स्वतःच्या आहेत. आंकडा त्याचा नाहीं. तो सोडण्याचा हक्कच त्याला नाहीं. हा भेद आम्हांला पुष्कळ उपयोगी वाटतो. तरीही कमलाबाईंना त्या अटी मान्य कराव्या लागल्या हें योग्य झालें, असें आमच्यानें म्हणवत नाहीं. सोसणाऱ्याचें कौतुक करतां करतां सोसावयास लावणाऱ्याला आपण सहज मोकळा सोडतों. म्हणून मुलीला पाठविण्यापूर्वीं घरच्यांनीं एवढें तरी पक्कें सांगून ठेवावें कीं, मार्गदर्शकाशीं जमलें नाहीं तर मार्गदर्शक बदलतां येतो, तेंही साधलें नाहीं तर परत येतां येतें, आणि परत आलीस तर दार उघडें आहे. ज्याला परतण्याची वाट मोकळी आहे तोच खरा आंकडा पुढें ठेवण्यास धजतो. आमच्या घरून आम्हांला असें कोणीं सांगितलें नव्हतें. घरच्यांचा त्यांत दोष नाहीं, त्यांना तें सुचलेंच नाहीं.

दिवाळींत ती मुलगी कबूल केल्याप्रमाणें घरीं आली, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं फराळाचा डबा घेऊन आमच्याकडे आली. तीन महिन्यांचीं मापें तिला टाकून द्यावीं लागलीं होतीं. पाण्याच्या टाकींतील तापमापक खोटा निघाला. तो तिनें स्वतःच पकडला होता, व तें सांगतांना ती खिन्न दिसत नव्हती. मार्गदर्शिका बाई कडक पण सरळ आहेत म्हणाली. मग तिनें तोच प्रश्न पुन्हां काढला. आम्हीं आंत जाऊन ट्रंकेंतील जुनी पक्की वही आणली व तिच्या हातीं दिली. तिनें पानें उलटलीं, आलेख पाहिला, आणि सारणीवर बोट ठेवून विचारलें, "सर, या दोन ओळी कोऱ्या का?"

आम्हीं तिला सांगितलें. ते सहाही आंकडे आम्हांस अजून पाठ आहेत; ती सांगेल तसे तिनें ते पेन्सिलीनें त्या ओळींत लिहून घेतले नाहींत, शाईचें पेन मागितलें.